बांध फुटतो जूनमध्ये, निर्णय होतो दिवाळीच्या सुमारास

रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांत खारबंदिस्ती म्हणजे काय, हे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. भरतीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध आणि शेतातले पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी खाडीत सोडण्यासाठी त्या बांधात ठेवलेली उघाडी, या दोन गोष्टींवर गावाचे वर्षाचे भात अवलंबून असते. अमावास्येच्या उधाणाची भरती आणि वरून मुसळधार पाऊस असा योग आला की बांधाला कमकुवत जागी खांड पडते, आणि एकदा खारे पाणी शेतात उभे राहिले की ती जमीन पुन्हा पूर्वीसारखी पिकायला काही पावसाळे जावे लागतात. आमच्या गावात असे घडले तेव्हा आम्ही साठ-सत्तर माणसे टेम्पो करून तालुक्याच्या गावी गेलो, निवेदन दिले आणि परत आलो. पुढच्या वर्षी पुन्हा तीच खांड पडली आणि पुन्हा तेच निवेदन घेऊन आम्ही गेलो. तिसऱ्या वर्षी, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या एका काकांनी आम्हाला बसवून समजावले की आपण दरवर्षी जूनमध्ये जातो, पण त्या वर्षी कोणती कामे घ्यायची याची यादी आदल्या हिवाळ्यातच तयार झालेली असते.

त्यांच्या त्या बोलण्यातून आमची संस्था उभी राहिली. गावातल्या रहिवाशांनी एकत्र येऊन संस्था कशी करावी, ग्रामपंचायतीपासून जिल्ह्यापर्यंतच्या निर्णयांवर तिचा प्रभाव कसा पडतो आणि कुठे पडत नाही, हे जमेल तितक्या सोप्या शब्दांत येथे मांडतो आहे. संख्या, घोषणा आणि संताप यांचे मोल मी कमी लेखत नाही. कोकणात त्यांनी इतिहास घडवला आहे. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जमीनदारीविरुद्ध, सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप कित्येक वर्षे चालला, शेतकऱ्यांनी जमिनी ओस ठेवल्या, उपासमार सोसली, आणि १९३९ च्या कुळकायद्यामागे त्या संपाचे बळ होते. पण रस्ता, पाणी, बांध, कचरा, जेट्टी यांसारखे रोजचे निर्णय एका मोठ्या लढ्याने सुटत नाहीत. ते वर्षभर थोडे थोडे होत असतात, आणि ते होताना तेथे कोणी उपस्थित असावे लागते.

निर्णय कच्चा असतो तोपर्यंत

कोणतेही सार्वजनिक काम कागदावर टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. आधी कोणीतरी गरज नोंदवतो. मग जागेची पाहणी होते, अभियंता खर्चाचे अंदाजपत्रक करतो, आणि ते काम एखाद्या वार्षिक आराखड्यात किंवा यादीत जाते. त्यानंतर प्रशासकीय मान्यता मिळते, म्हणजे हे काम करायचे आणि अमुक रकमेपर्यंत करायचे, असे सक्षम अधिकारी ठरवतो. तांत्रिक मान्यता ही त्याहून वेगळी असते. नकाशा, मोजमापे आणि दर तपासून काम या पद्धतीने होऊ शकते, असे तिच्यात अभियंत्याने प्रमाणित केलेले असते. पुढे निविदा निघते, ठेकेदाराला कार्यारंभ आदेश मिळतो, झालेले काम मोजमाप पुस्तिकेत नोंदले जाते आणि त्यावरून देयक निघते.

ही साखळी ओळीने पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. गरज नोंदवण्यापासून अंदाजपत्रकापर्यंत निर्णय कच्चा असतो, तेथे गावाचे म्हणणे सहज सामावले जाते, कारण नकाशावरची रेघ हलवायला कोणाचे काही खर्ची पडत नाही. निविदा निघाल्यानंतर तीच रेघ हलवायची म्हणजे फेरअंदाजपत्रक, फेरमान्यता आणि ठेकेदाराशी वाद, म्हणून अधिकारी मनाने अनुकूल असला तरी हात वर करतो. कार्यारंभ आदेशानंतर गावाच्या हाती मुख्यतः कामाच्या दर्जावर लक्ष ठेवणे उरते, तेही महत्त्वाचे आहे, पण विहीर चुकीच्या जागी खोदली जात असेल तर तिचे बांधकाम उत्तम झाल्याने पाणी गोडे होत नाही. तरवा, म्हणजे भाताची रोपे, ठरावीक दिवसांचा असतानाच लावणी करावी लागते हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही, आणि निर्णयांचेही तसेच असते.

दुसरा प्रश्न निर्णय कोणाच्या हातात आहे हा. आमची पहिली दोन वर्षे येथेच वाया गेली. खारबंदिस्तीचे काही बांध शासकीय योजनेत घेतलेले असतात आणि त्यांची जबाबदारी शासनाच्या खारभूमी विभागाकडे असते, तर काही बांध खाजगी म्हणून नोंदलेले असतात आणि त्यांची दुरुस्ती मूलतः जमीनधारकांवर येते. आमचा बांध कोणत्या प्रकारात मोडतो हे गावात कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते, आणि ज्या कार्यालयात आम्ही निवेदने देत होतो त्याचा त्या बांधाशी काही संबंध नव्हता. गावांतर्गत रस्ता, दिवे, गटार, कचरा ही ग्रामपंचायतीची कामे असतात. गावांना जोडणारे काही रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात, तर काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. जिल्हास्तरावरचा मोठा निधी जिल्हा नियोजन समितीतून येतो. संस्थेने सर्वांत आधी करायचे काम म्हणजे आपल्या प्रत्येक प्रश्नापुढे त्या कार्यालयाचे आणि अधिकाऱ्याच्या पदाचे नाव लिहिणे. हे एक पानी कोष्टक आमच्याकडे तयार झाले तेव्हा गावातल्या निम्म्या वादांचा रोखच बदलला, कारण ज्या गोष्टींसाठी सरपंचांना बोल लावला जात होता त्यांतल्या बऱ्याच त्यांच्या अधिकारातच नव्हत्या.

ग्रामसभा आणि संस्था यांतला फरक

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यासाठी वर्गणी लागत नाही, निवडून यावे लागत नाही. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, आणि एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे हजर असली की गणपूर्ती होते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणेही कायद्याने आवश्यक आहे. विकासाच्या कामांना आणि योजनांना मान्यता देणे, वैयक्तिक लाभाच्या योजनांचे लाभार्थी निवडणे, ग्रामपंचायतीने केलेल्या खर्चाचा हिशेब पाहणे, ही ग्रामसभेची कामे आहेत.

रहिवाशांची संस्था ही ग्रामसभेला पर्याय नव्हे, हे आरंभीच मनात पक्के असावे. संस्थेच्या कार्यकारिणीने कितीही ठराव केले तरी ते ग्रामपंचायतीवर बंधनकारक नसतात. ते नागरिकांच्या एका गटाचे मत असते. ग्रामसभेच्या ठरावाला मात्र कायद्याचे अधिष्ठान असते. म्हणून संस्थेचे खरे काम ग्रामसभेच्या आधीचे आणि नंतरचे आहे. आधी विषय समजून घेणे, नकाशा आणि आकडे जमवणे, वाडीवाडीत बैठका घेणे, ठरावाचा मसुदा लिहून तो विषयपत्रिकेत यावा म्हणून वेळेत लेखी देणे, आणि सभेच्या दिवशी माणसे हजर राहतील हे पाहणे. नंतर इतिवृत्तात ठराव जसा झाला तसाच लिहिला गेला आहे ना हे तपासणे, ठरावाची प्रमाणित नक्कल घेणे, आणि ती योग्य त्या कार्यालयात पोहोचवून पाठपुरावा करणे.

विषयपत्रिकेचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. आपला प्रश्न 'आयत्या वेळचे विषय' या शेवटच्या सदरात उभे राहून मांडायचा, ही गावोगावची सवय आहे. तोवर अर्धी माणसे उठून गेलेली असतात, कोणाच्या हाती कागद नसतो, आणि इतिवृत्तात 'यावर चर्चा झाली' एवढीच ओळ येते. चर्चा झाली या ओळीच्या आधारे पुढच्या कार्यालयात काहीही हलत नाही. ठरावाला क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि नेमकी मागणी असली पाहिजे. 'बांधाची दुरुस्ती व्हावी' आणि 'अमुक उघाडीपासून तमुक गटक्रमांकापर्यंतच्या बांधाची पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे' या दोन ठरावांपैकी दुसऱ्याला उत्तर देणे अधिकाऱ्याला भाग पडते, पहिला तो नोंद घेऊन बाजूला ठेवू शकतो. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुन्हा बोलावलेल्या सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही, आणि थोडक्या माणसांत मोठे निर्णय होऊन जातात. म्हणून माणसे जमवण्याच्या कामाला मी संस्थेच्या सगळ्या कामांत वरचे स्थान देईन.

ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या हिवाळ्यात आकाराला येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिलेली होती आणि ४० टक्के गावाच्या इतर गरजांसाठी मोकळी होती. हा एवढा एक तपशील ठाऊक असला तरी मागणी कोणत्या शीर्षाखाली मांडावी हे कळते. आराखडा आणि त्यावरचा खर्च ई-ग्रामस्वराज या शासकीय संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो, आणि कॉलेजात शिकणाऱ्या गावातल्या मुलीने तो मोबाइलवर उघडून वाचून दाखवला तेव्हा सभेत जी शांतता पसरली ती मला अजून आठवते.

नोंदणी

नोंदणी न करताही नागरिक एकत्र येऊन निवेदन देऊ शकतात, आणि पहिले सहा महिने तसेच काम करावे असा माझा सल्ला आहे, कारण त्या काळात कोण खरोखर वेळ देतो हे दिसून येते. नोंदणीसाठी संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही धरली जाते, त्यामुळे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही तिची नोंदणी होते, आणि ही दोन्ही कामे जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून चालतात. संस्थेचे नाव, उद्देश, कार्यक्षेत्र, पहिल्या कार्यकारिणीची यादी आणि नियमावली असे कागद द्यावे लागतात.

नियमावली कोणाच्या तरी जुन्या संस्थेची उतरवून काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. कार्यकारिणीची मुदत किती, एकाच पदावर सलग किती वेळा राहता येईल, एका घरातली किती माणसे कार्यकारिणीत असतील, निवडणुकीला उभे राहणाऱ्या पदाधिकाऱ्याने पद सोडावे की नाही, बँकेतले पैसे कोणाच्या सहीने निघतील, हे पाच प्रश्न भांडण होण्याआधी शांत डोक्याने सोडवलेले असले की पुढची दहा वर्षे संस्था टिकते. नोंदणीनंतर दरवर्षी हिशेबाची तपासणी करून घ्यावी लागते, आणि विश्वस्तांत बदल झाला तर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. कित्येक जुन्या मंडळांचे बदल अर्ज वर्षानुवर्षे दिलेलेच नसतात. मग कागदोपत्री अध्यक्ष असलेली व्यक्ती हयात नसते आणि बँकेतले पैसे अडकून पडतात.

मुंबई मंडळ

कोकणात संस्थेचा विचार करताना चाकरमान्यांचा विचार वेगळा करावा लागतो. वाडीवाडीचे मुंबई मंडळ असते, त्याच्याकडे पैसा असतो, शिकलेली माणसे असतात, मंत्रालयात जाऊन येण्याची सोय असते, आणि गावावर जीव असतो. गावातल्या किती शाळा, सभामंडप आणि विहिरी त्यांच्या वर्गणीतून झाल्या आहेत हे कोणी नाकारू नये. तरीही ज्याचे नाव मुंबईच्या मतदारयादीत आहे तो ग्रामसभेचा सदस्य नसतो, त्याला तेथे मत देता येत नाही. गणपतीत आणि शिमग्याला गाव भरलेले असते, त्या उत्साहात मोठे बेत ठरतात, आणि ग्रामसभेच्या दिवशी हात वर करायला वाडीत म्हातारी माणसेच उरतात.

आमच्याकडे यावर जो मार्ग निघाला तो इतरांच्याही उपयोगी पडेल. संस्थेचे साधारण सदस्यत्व चाकरमान्यांना खुले ठेवले, पण कार्यकारिणीत बहुमत गावात राहणाऱ्यांचेच असेल असे नियमात लिहिले. मुंबईच्या सदस्यांनी कागदपत्रे वाचणे, नियम शोधणे, टंकलेखन करणे, मुंबईतल्या कार्यालयांत पाठपुरावा करणे ही कामे घेतली. गावातल्यांनी पाहणी, बैठका आणि सभा सांभाळल्या. गावी कायमचे परतलेल्या निवृत्तांना मतदारयादीत नाव हलवण्याचा आग्रह धरला. मतभेद झाले आणि अजूनही होतात, विशेषतः पर्यटनाच्या प्रश्नावर, कारण मुंबईत राहणाऱ्याला गाव जसे आठवते तसेच राहावे असे वाटते आणि गावात राहणाऱ्या तरुणाला तेथे पोट भरायचे असते. अशा वेळी येथे राहणाऱ्याचे म्हणणे अधिक तोलाचे धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संस्था कोणाच्या वतीने बोलते

रहिवाशांची संस्था म्हटले की ती सर्वांची, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ज्यांच्याकडे वेळ आहे, जमीन आहे आणि बोलण्याची सवय आहे अशांची ती सहज होऊन बसते. गावकी, मानकरी, भावकी ही आपली जुनी रचना सण-उत्सवांसाठी घट्ट आहे, पण तिच्यातल्या मानाच्या क्रमानेच नव्या संस्थेतल्या खुर्च्याही भरल्या गेल्या तर कोळीवाडा, आदिवासी वाडी आणि सगळ्याच घरांतल्या स्त्रिया बाहेर राहतात.

आमची चूक येथे सांगतो. बांधाच्या दुरुस्तीसाठी माती कुठून उचलायची हा प्रश्न आला तेव्हा कार्यकारिणीने कातकरी वाडीलगतच्या माळाचे नाव सुचवले आणि ते सर्वानुमते मंजूर झाले. सर्वानुमते, कारण कार्यकारिणीत कातकरी कोणीच नव्हते. त्या माळावर त्यांची गुरे चरत, पावसाळ्यात वाडीत येण्याजाण्याची वाट तेथूनच जाते, आणि उघाडीच्या तोंडाशी ते मासे धरतात म्हणून दुरुस्तीचा त्यांच्या रोजच्या जेवणाशीही संबंध होता. महिलांच्या सभेत त्या वाडीतल्या एका बाईंनी उभे राहून विचारले की माती नेल्यावर आमच्या दारात जो खड्डा राहील त्यात पोर पडले तर कोणाला सांगायचे. आमच्याकडे उत्तर नव्हते. जागा बदलली, आणि त्यानंतर प्रत्येक वाडीतून दोन प्रतिनिधी, त्यांत एक स्त्री, असा नियम झाला. ग्रामपंचायतीत २०११ पासून स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. संस्थेच्या कार्यकारिणीने त्याहून मागे राहण्याचे काही कारण नाही.

कोळीवाड्यात मच्छीमार सहकारी सोसायटी आधीपासून असते. तिला बाजूला सारून नवी संस्था काढू नये. सोसायटीचे काम डिझेल, कर्ज, जाळी यांच्याशी निगडित असते आणि जेट्टी, वाळूउपसा, किनाऱ्यावरचे बांधकाम हे प्रश्न दोघांचे असतात, तेव्हा संयुक्त पत्राचे वजन वाढते.

पोच, आवक क्रमांक आणि माहितीचा अधिकार

कार्यालयात तोंडी सांगितलेली गोष्ट त्या अधिकाऱ्याची बदली होताच नाहीशी होते. प्रत्येक पत्राच्या दोन प्रती न्याव्यात, एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती पोच म्हणून जपावी. पुढच्या पत्रात त्या क्रमांकाचा संदर्भ द्यावा. दहा पत्रांची अशी साखळी तयार झाली की नव्याने आलेला अधिकारीही ती फाइल गंभीरपणे वाचतो.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये अमलात आला. १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाही. ३० दिवसांत माहिती मिळाली पाहिजे. मिळाली नाही किंवा अपुरी मिळाली तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, आणि तेथेही समाधान झाले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. हा अधिकार नागरिकाला आहे, म्हणून अर्ज संस्थेच्या नावाने न करता एखाद्या सदस्याने स्वतःच्या नावाने करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. 'काम का झाले नाही' असा प्रश्न विचारू नये, कारण कायदा नोंदीत असलेली माहिती देतो, कारणमीमांसा देत नाही. अंदाजपत्रकाची प्रत, पाहणी अहवालाची प्रत, मोजमाप पुस्तिकेच्या अमुक पानांची प्रत असे मागावे. आमचा बांध कोणत्या प्रकारात नोंदलेला आहे याचे उत्तर अशाच एका चार ओळींच्या अर्जाने मिळाले, जे तीन वर्षांच्या निवेदनांनी मिळाले नव्हते.

या हक्काचा वापर धाक घालण्यासाठी करू नये. ग्रामपंचायतीत एकच माणूस जन्मनोंदीपासून घरपट्टीपर्यंत सगळे पाहत असतो. सहज कार्यालयात जाऊन पाहता येणाऱ्या कागदासाठी अर्जांचा मारा केला तर ज्याच्याशी वर्षभर काम करायचे त्याचेच मन आपण तोडतो.

प्रकल्प मोठा असेल तेव्हा

बंदर, खाण, कारखाना असा मोठा प्रकल्प आला की निर्णय गावाच्या आणि बहुधा जिल्ह्याच्याही हातून वर गेलेला असतो, पण तेथेही कायद्याने एक दार ठेवले आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार अनेक प्रकारच्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात, आणि वृत्तपत्रांत किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. अहवालाचा मसुदा आणि त्याचा सारांश त्या काळात ठरावीक कार्यालयांत वाचायला ठेवलेला असतो. या ३० दिवसांत संस्थेची खरी परीक्षा असते. शेकडो पानांचा अहवाल वाचून त्यात आपल्या खाडीतले मासे, झरे, तिवरे, आंबा-काजूच्या बागा यांची नोंद बरोबर आहे का हे पाहणे गावकऱ्यांशिवाय कोणालाही जमणार नाही. मुद्दे लेखी द्यावेत, सभेतही बोलावे, आणि अखेरीस इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवले जाते तेव्हा आपला मुद्दा त्यात आला आहे ना, हे उठून विचारावे. या सुनावणीत मतदान नसते. हात मोजून प्रकल्प मंजूर किंवा नामंजूर होत नाही, तर नोंदलेल्या प्रत्येक आक्षेपाला उत्तर द्यावे लागते, म्हणून एकच वाक्य हजारदा म्हणण्यापेक्षा दहा वेगवेगळे, पुराव्यासह मांडलेले आक्षेप अधिक उपयोगाचे.

किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत, सध्याची अधिसूचना २०१९ ची आहे. तिच्यानुसार ग्रामीण किनाऱ्यावर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असलेल्या भागात भरतीरेषेपासून ५० मीटर आणि त्याहून विरळ वस्तीत २०० मीटर पट्टा ना-विकास क्षेत्र, म्हणजे सहसा नवे बांधकाम करता न येणारा भाग, धरला जातो. याच व्यवस्थेत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते आणि तीत मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असावेत अशी तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात ते तिघे कोण आहेत, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक संस्थेला ठाऊक असले पाहिजे.

अशा प्रयत्नांना यश किती येते याचे सरळ उत्तर नाही. सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी आपला परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित व्हावा असे ठराव केले, आणि माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात त्यांची दखल घेतली. निर्बंध वरून लादले जातात अशी तक्रार सर्वत्र असताना गावांनी स्वतः होऊन ते मागावेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढचा प्रवास लांबला, पण त्या ठरावांमुळे गावांचे म्हणणे कायमचे नोंदीत राहिले. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर नागरिकांनी चिपळूण बचाव समितीच्या नावाने एकत्र येऊन वाशिष्ठी आणि शिव नद्यांतला गाळ काढण्याची मागणी लावून धरली, साखळी उपोषण केले, आणि गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले. त्या मागणीत मोघम काही नव्हते. कोणत्या नदीतले काय काढायचे हे त्यांनी सांगितले होते.

नगरपंचायत किंवा नगरपालिका असलेल्या गावांत ग्रामसभा नसते, ही मोठी उणीव आहे. दापोली, गुहागर, लांजा, कणकवली, कुडाळ यांसारख्या ठिकाणी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली तेव्हा तेथील रहिवाशांच्या हातून ते व्यासपीठ गेले. तेथे प्रभागनिहाय संस्था अधिक गरजेच्या ठरतात, आणि विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते तेव्हा मुदतीत हरकती आणि सूचना दाखल करणे हा त्यांचा सर्वांत मोठा अधिकार असतो. सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेची, म्हणजे आरक्षणाची, रेघ आपल्या विहिरीवरून जाते की नाही हे नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि मुदत उलटल्यावर कळून उपयोग नसतो.

आमच्या बांधाचे सांगायचे तर ठराव ऑक्टोबरच्या ग्रामसभेत झाला, पाहणी डिसेंबरात झाली, आणि त्या वर्षी काहीच झाले नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा ठराव, पुन्हा पाहणी, आणि या वेळी पाहणीला आलेल्या अभियंत्यांबरोबर प्रत्येक वाडीचे माणूस बांधावर चालले. खांड जेथे पडते तेथे नाही तर त्याच्या शंभर पावले अलीकडे, जुन्या उघाडीच्या कुजलेल्या झडपेपाशी पाणी आधी मुरते, हे त्यांना कातकरी वाडीतल्या एका म्हाताऱ्याने दाखवले. अंदाजपत्रकात झडप आली. काम मेमध्ये संपले. यंदाच्या ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी विषयपत्रिकेत पाणीपुरवठ्याच्या विहिरीची जागा घातली आहे, कारण आताची विहीर एप्रिलपासून मचूळ होते, आणि नवी कुठे खोदावी यावर वरच्या वाडीचे आणि खालच्या वाडीचे अजून एकमत झालेले नाही. येत्या रविवारी दोन्ही वाड्यांची बैठक शाळेत आहे.